परसदार ते परसदार, मार्गे तुळशीवृंदावन

आमच्या परसदारी रेल्वे आहे हे कळलं की माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला मला : "इंजिन कितीला पडलं?" दुसरा, जरा आवाज खाली करून, हिला : "वहिनी, हे यांना रिटायर झाल्यावरच सुरू झालं का?" रुळांबद्दल आजवर एकानंही चकार शब्द काढलेला नाही. वास्तविक इंजिनात काय आहे? पैसे मोजले की मिळतं. खोक्यातून काढायचं, ठेवायचं, बटण दाबायचं. त्यात कर्तबगारी कसली? रूळ मात्र स्वतः अंथरावे लागतात, आणि अंथरायच्या आधी माती, पाणी, ऊन, मुंग्या, गवंडी आणि धर्मपत्नी या सगळ्यांची ना हरकत मिळवावी लागते. मी गाडी चालवतो असा लोकांचा समज आहे. खरं तर मी रूळ राखतो. गाडी अधूनमधून जाते.

हे वेड कुठून आलं ते सांगायला हवं. मी मिरजेचा. बाहेरच्यांना मिरज म्हटलं की सतार आणि दवाखाने आठवतात. आमच्या तरुणपणी मिरजेचा खरा तोरा स्टेशनात होता. एकाच स्टेशनात तिन्ही रुंदीचे रूळ : पुण्या-कोल्हापूरचा 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारा एक मीटरचा मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची 762 मिलिमीटरची नॅरोगेज, म्हणजे आमची लाडकी बार्शी लाइट. गावात पाहुणा आला की त्याला आधी दर्ग्याला न्यायचं, मग सतारीच्या दुकानात आणि मग पुलावर उभं करून तिन्ही रूळ दाखवायचे. पाहुणा "बरं" म्हणायचा. आम्हाला तेवढं पुरायचं.

त्यातही जीव बार्शी लाइटवर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 साली ती बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू केली. 1906 ला पंढरपूर गाठलं, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज. कॅलथ्रॉपचा सगळा भर एका गोष्टीवर होता : कुठल्याही आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. म्हणजे बघा, त्यानं विचार रुळापासून सुरू केला. इंजिन नंतर. याच गृहस्थानं पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. जमिनीशी इतका इमान राखणारा माणूस हवेतून पडणाऱ्यांचीही सोय करून गेला, याचं मला फार कौतुक वाटतं. हिला नाही. हिच्या मते एक काम धड न करता दुसरं हातात घेण्याची पुरुषांना सवयच असते.

बागेतल्या रेल्वेच्या जगात मात्र सगळं उलट आहे. मिरजेला गाव एक आणि रूळ तीन. इथं रूळ एक आणि गावं अनेक. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं 1968 साली ऊनपाऊस सोसेल अशी मोठी खेळण्यातली रेल्वे बाजारात आणली. तिचं नाव एलजीबी. दोन रुळांतलं अंतर 45 मिलिमीटर. मीटरगेज गाडी साडेबावीस पटीनं लहान केली की त्यावर बरोबर बसते. इथवर ठीक होतं. पण मग याच 45 मिलिमीटरवर कुणी युरोपातली मोठी गाडी 32 पटीनं लहान करून चालवायला लागला, तर कुणी अमेरिकेतली तीन फुटी गाडी 20.3 पटीनं. परिणाम असा की एकाच रुळावर शेजारी उभ्या असलेल्या दोन डब्यांपैकी एकातला प्रवासी दुसऱ्याच्या दारातून वाकूनही आत जात नाही. मी बार्शी लाइटसाठी भागाकार करून पाहिला, तर उत्तर जवळपास सतरा आलं. सतरा पटीनं लहान केलेली बार्शीची गाडी दुकानात मागायला गेलो तर दुकानदार मलाच पत्ता विचारील. म्हणून आमच्या मार्गावर जर्मन इंजिन धावतं आणि मागच्या डब्यावर 'पंढरपूर' अशी पाटी आहे. मापाबद्दल तक्रार करणाऱ्यानं आधी आषाढीच्या गर्दीत बार्शी लाइटनं प्रवास केलेला असावा, एवढी माझी अट आहे.

आता भूसंपादन. इंग्लंडात सर आर्थर हेवूड नावाच्या सरदारानं 1874 च्या सुमारास डर्बीशरमधल्या आपल्या आवारात 15 इंची रेल्वे बांधली, बोगद्यांसकट, पुलासकट. त्याला सोपं होतं. आवार त्याचं होतं. आमच्याकडे घर माझ्या नावावर असलं तरी परसदार हिच्या ताब्यात आहे, आणि तिथं वहिवाट सिद्ध झालेली आहे. तुळशीवृंदावन, जास्वंद, कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, गवती चहा, धुण्याचा दगड आणि वाळत घालायच्या दोऱ्या. मी कागदावर मार्ग आखून सादर केला. जनसुनावणी स्वयंपाकघरात झाली.

"अळू हलणार नाही," ही म्हणाली.

"अगं, अळूला काय, कुठंही येतं."

"मग रेल्वेही कुठंही येईल."

प्रकल्प तिथंच बारगळायचा. पण रूळ तुळशीच्या भोवतीनं न्यावे लागणार हे तिच्या लक्षात आलं आणि चेहरा बदलला. गाडी तुळशीला वळसा घालणार म्हणजे प्रदक्षिणाच की. मंजुरी मिळाली, दोन अटींवर. अळवाच्या पानाला धक्का लागता कामा नये, आणि गाडी कायम तुळस उजव्या हाताला ठेवूनच जाईल. उलट दिशेनं कधीही नाही. जगातल्या बहुतेक एकेरी मार्गांवर गाड्या दोन्ही दिशांनी धावतात. आमच्या एकेरी मार्गावर धर्मशास्त्रानं एकच दिशा ठरवून दिली आहे. इंजिनाला उलटं जाता येतं ही गोष्ट मी घरात बोललेलो नाही.

मग गवंडी आला. गवंड्याला तुम्ही राजवाडा सांगा, न्हाणी सांगा, नाहीतर देवळाचा चौथरा सांगा, तो पहिला प्रश्न एकच विचारतो.

"काका, ढाळ कुनीकडं काढायचा?"

"ढाळ नको. सपाट पाहिजे."

त्यानं थापी खाली ठेवली. "सपाट? मग पानी कुठं जानार?"

याला उत्तर नव्हतं, कारण तोही बरोबर होता आणि मीही. रुळाच्या लांबीत सपाटी हवी, पण रुंदीत ढाळ हवाच. खऱ्या रेल्वेच्या भरावालाही आडवा ढाळ असतो, नाहीतर पाणी मुरून भराव बसतो. हे मी त्याला रेघा मारून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सगळं माझ्या डोक्यावर सोडून दिल्याच्या सुरात म्हणाला, "तुमच्या मनासारखं करू, पर पानी आपलं ऐकत न्हाई."

आमच्या परसात स्वयंपाकघराच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत 12 मीटरमध्ये 30 सेंटीमीटर उतार आहे, म्हणजे चाळीसास एक. बघायला गेलं तर हे काहीच नाही. खंडाळ्याच्या घाटात 37 फुटांमागे एक फूट चढ आहे, माथेरानच्या गाडीला तर कुठं कुठं 20 फुटांमागे एक. पण खंडाळा चढायला कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लावतात. आमच्याकडे मागून लावायला नातू आहे, आणि तो ढकलायला लागला की गाडी चढण न चढता सरळ जास्वंदीत जाते. म्हणून पन्नासास एकाच्या वर चढ येऊ द्यायचा नाही असं ठरलं आणि भिंतीकडच्या बाजूला विटांचा बुटका कट्टा उभा करावा लागला.

खाली आमची काळी माती. कृष्णाकाठची काळी माती उसाला सोनं आहे आणि बांधकामाला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात इतकी भेगाळते की आत चमचा पडला तर पुढच्या पावसाशिवाय सापडत नाही. त्यावर थेट रूळ टाकले तर जूनमध्ये गाडी बोटीसारखी डुलेल. म्हणून फूटभर रुंद चर खणून माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसायचा आणि वर खडी. खडीही बारीक, पण फोडलेली. नदीची वाळू दिसायला छान, पण तिचे कण गोल, पायाखालून पळणारे. फोडलेल्या दगडाच्या कडा एकमेकींत अडकतात आणि रूळ धरून ठेवतात. रेल्वे रुळांखाली टोकदार खडी घालते ती याचसाठी. गेली दीडशे वर्षं लोक त्या खडीतून चालताना ठेचा खातात आणि रेल्वेला नावं ठेवतात.

सपाटी बघायला हातात फुटभर स्पिरिट लेव्हल पुरत नाही. तिथं लागते गवंड्याची नळी. पारदर्शक, बोटाएवढी, पाणी भरलेली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत येणार हा निसर्गाचा नियम, पण नळीत कुठंतरी मुगाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा बसला की नियम मोडतो. मग नळी उंच धरायची, टिचक्या मारायच्या, बुडबुडा वर सरकतो, कोपऱ्यात थबकतो, पुन्हा खाली घसरतो. ही धुणं वाळत घालायला आली तेव्हा दोन म्हातारी माणसं उन्हात नळीकडे डोळे लावून बसलेली होती. तिनं विचारलं, "अहो, सलाइन लावलंय का कुणाला?"

रूळ आणले भाच्यानं. तो न्यूरेंबर्गच्या बाजूला नोकरीला आहे, आणि मामाचं वेड कंपनीच्या दारात राहून पुरवणं त्याला टाळता आलं नाही. फुटाफुटाचे पितळी तुकडे बॅगेतून खेपेखेपेला आले. विमानतळावर यंत्राच्या पडद्यावर पितळी कांड्यांच्या जुड्या दिसल्या की त्याला बाजूला घेत. तो सांगायचा, "मामांची रेल्वे आहे." मग त्याला आणखी बाजूला घेत. तिकडच्या चॉकलेटांची जागा रुळांनी खाल्ली म्हणून माझी मुलगी अजून बोलते.

शंभरावर तुकडे म्हणजे दोनशेवर सांधे. प्रत्येक सांध्यातून वीज पुढं जायला हवी, कारण इंजिनाला ती रुळांतूनच मिळते. पितळ वाढतंही. दहा मीटर पितळी रूळ पहाटेपेक्षा भर दुपारी 40 अंशांनी तापला तर साडेसात मिलिमीटर लांब होतो. सांध्यात तेवढी फट ठेवली नाही तर रूळ बाजूला फुगतो आणि मार्गाला पोट येतं. फट जास्त ठेवली तर वीज रुसते. आमच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी मी टोपी घालून फेरी मारतो. खऱ्या रेल्वेतही तापलेल्या रुळांवर गस्त असते, तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही. शेजारच्यांच्या गच्चीवरून कुणीतरी हसतं, एवढंच.

या सगळ्या उद्योगाकडे एकाच माणसानं गंभीरपणे बघितलं. पलीकडच्या गल्लीत एक मुकादम राहतात. गँगमन म्हणून लागले, गँगचे मुकादम म्हणून निवृत्त झाले. मिरजेच्या आसपासचा रूळ त्यांनी पायांनी मोजलेला आहे. मी मोठ्या हौसेनं इंजिन दाखवलं. दिवे लागतात, शिट्टी वाजते, धूर येतो. त्यांनी मान हलवली, जशी कुणाच्या जावयाच्या फोटोला हलवतात. मग न बोलता खाली बसले, गुडघे टेकले आणि सत्तरीचा माणूस चक्क आडवा झाला. गाल खडीला लावला, एक डोळा मिटला आणि दुसरा रुळाच्या माथ्यावरून सोडून दिला.

"जास्वंदीपाशी जॉइंट बसलाय, साहेब."

मला काही दिसेना. त्यांनी काडेपेटी मागितली, एक काडी काढली आणि सांध्याच्या अलीकडच्या स्लीपरखाली सरकवली. गेली. दुसरी निम्मी गेली. "दीड काडी," ते म्हणाले. मग पलीकडं वळून, "आन् तुळशीपाशी भायेरचा रूळ लौकर झिजल. गाडी येकाच बाजूनं फिरवताय न्हवं?" एकाच दिशेनं, एकाच वळणावर धावणाऱ्या गाडीची चाकं बाहेरच्या रुळाला घासतात हे त्यांनी गाडी चालू न करताच ओळखलं होतं. मी अट सांगितली. ते तुळशीकडे बघून हात जोडून म्हणाले, "मग झिजू दे."

त्या दिवसापासून मार्ग त्यांच्या ताब्यात आहे. खडी स्लीपरखाली ठासायला गँगकडे बीटर असतं. आमच्या मापाचं बीटर म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं उलथनं पसंत केलं. त्या संध्याकाळी भाकरी उलटायला उलथनं मिळेना आणि त्यावरून घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. आता परसात स्वतंत्र उलथनं आहे, त्यावर ऑइलपेंटनं 'रेल्वे' लिहिलेलं आहे.

उद्घाटन रीतसर झालं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा 14 डबे, 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि 21 तोफांची सलामी होती. अंतर 34 किलोमीटर. आमचा मार्ग 34 मीटर. हा योगायोग नाही. शेवटचा मीटर इतिहासासाठी गवती चहाला वळसा घालून मिळवलेला आहे. तोफांच्या ऐवजी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. नारळ कुणी फोडायचा असा प्रश्न आला तेव्हा मी मुकादमांकडे दिला. ते म्हणाले, "इंजिनाला दाखवू नका, रुळाला दाखवा." पाणी सांध्यावर पडलं आणि पहिली गाडी तिथंच थांबली. नातवानं मागून लावून दिली.

पुण्याला कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. अख्खं शहर, पूल, सिग्नल, सगळं हलतं. ते पाहून आल्यावर ही म्हणाली, "बघा, त्यांची कशी थांबत नाही." थांबणार कशी? ती छपराखाली आहे. तिथं पाऊस नाही, मुंग्या नाहीत, मोरीचं पाणी नाही. उघड्यावरच्या रेल्वेचं पितळ आठवड्यात काळवंडतं, काळवंडलं की वीज अडते, आणि मग घासावं लागतं. पितळ म्हटल्यावर हिनं सहज पितांबरीचा डबा पुढं केला. देवाची उपकरणी घासून झाली की तीच पूड इथं, मग ओलं फडकं, मग कोरडं, कारण पुडीचा कण राहिला तर तोही वीज अडवतो. घरातलं सगळ्यात लांब पितळी भांडं आता माझ्या वाटणीला आहे.

पावसाळ्यात तर गोगलगायी येतात. अळवातून निघून रात्रीत रूळ ओलांडतात आणि माथ्यावर चकचकीत ओली रेघ सोडून जातात. गोगलगाय नि पोटात पाय असं म्हणून आपण तिला सोडून देतो. पण त्या चिकट रेघेवर इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि पंढरपूरचा डबा अळवापाशी उभा राहतो. एकदा तर ती स्वतःच रुळावर बसलेली सापडली, शिंगं बाहेर काढून, इंजिनाकडे तोंड करून. मुकादम म्हणाले, "लाइन ब्लॉक." आणि आम्ही दोघं चहाला आत गेलो.

बॅटरीवर चालणारं इंजिन घ्या, असं सगळे सांगतात. डब्यातच बॅटरी, हातात रिमोट, रुळांत वीज नाही, घासणं नाही, सांध्यांची चिंता नाही. रूळ नुसते पडून राहतील. मुकादमांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आपन करायचं काय?" बॅटरीचा विषय तिथंच संपला.

तुम्हाला हे घरी करायचं असेल तर इंजिनाची जाहिरात बघत बसू नका. आधी गवंड्याच्या नळीत पाणी भरायला शिका, आणि एक निवृत्त मुकादम गाठा. आणि आमची बघायची असेल तर दिवाळीनंतर कधीही या. जून ते सप्टेंबर मार्ग गोगलगायींसाठी बंद असतो. रूळ ओलांडताना पाय उचलून टाका. रुळावर पाय पडला तर दंड आहे, आणि त्याची रक्कम ठरवण्याचा अधिकार मुकादमांकडे आहे.